पाण्यात दम का लागतो? घेण्याआधी श्वास सोडायला शिका

रोज तासभर भरभर चालणारी, चार जिने न थांबता चढणारी माणसं तलावात उतरली की अर्ध्या अंतरातच काठ धरून धापा टाकताना दिसतात. मग घरी जाऊन ठरवतात की आपला स्टॅमिना कमी पडतोय, आणि दुसऱ्या दिवसापासून धावायला लागतात. धावण्याने तब्येत सुधारेल, पण पाण्यातली धाप तशीच राहील. कारण बहुतेक नवशिक्यांची अडचण हवा आत घेण्याची नसते, आतली हवा बाहेर न सोडण्याची असते.

हा लेख पोहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे, आणि पुढे स्नॉर्केल (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगणं) किंवा स्कूबाकडे (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं) वळायचं मनात असलेल्यांसाठीही. क्रमाने वाचलात तर जास्त उपयोग होईल, कारण काठाजवळ जे जमत नाही ते दहा मीटर खोलीवर आपोआप जमत नाही.

आधी शरीरात काय चाललंय ते बघू

जमिनीवर बसल्या बसल्या आपण मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो, दर वेळी अर्धा लिटरच्या आसपास हवा. श्वास आत घेताना स्नायूंना काम करावं लागतं, सोडताना जवळजवळ काहीच करावं लागत नाही. ताणलेली छाती आणि फुप्फुसं सैल पडतात आणि हवा आपली आपण निघून जाते. जन्मभर उच्छ्वास असा फुकटात मिळाल्यामुळे तो मुद्दाम करायचा असतो हे आपल्या गावीच नसतं. पाण्यात तोंड घातलं की तो मुद्दाम करावा लागतो, आणि गाडी तिथेच अडते.

दुसरी गोष्ट, श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनाचं केंद्र घंटा वाजवतं. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडतो त्या हवेतही १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. निरोगी माणसाने स्वस्थ बसून वीस सेकंद श्वास रोखला तर रक्तातला ऑक्सिजन जेमतेम हलतो. पण हातपाय मारत असताना श्वास रोखला तर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने साठतो आणि तगमग फार लवकर सुरू होते.

आता नवशिक्या काय करतो ते बघा. छातीभर हवा भरतो, तोंड पाण्यात घालतो, गाल फुगवून ती हवा धरून ठेवतो. तीन-चार हात मारले की घंटा वाजते. डोकं वर येतं तेव्हा छाती अजून भरलेलीच असते. वर मिळालेल्या त्या क्षणभरात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची, दोन्ही कामं उरकायची असतात. सोडण्यातच वेळ जातो, घेताना घोटभर हवा मिळते आणि डोकं पुन्हा पाण्यात. दोन-तीन फेऱ्यांत छाती शिळ्या हवेने तट्ट फुगलेली असते आणि माणूस वर आला की आणखी हवा ओढायला बघतो. भरल्या घागरीत पाणी ओतण्यासारखं आहे हे. त्यात ताणलेल्या छातीला आणखी ताणायला स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो, म्हणून 'छाती अडकली', 'श्वास आत जातच नाही' असं वाटतं.

पायरी पहिली: गळ्यापर्यंतच्या पाण्यात नुसतं उभं राहणं

हे कुणी शिकवत नाही, पण मी यापासूनच सुरुवात करा असं सांगेन. उथळ बाजूला कमरेइतक्या पाण्यात उभे राहा आणि चार श्वास घ्या. मग गुडघे वाकवून पाणी हनुवटीपर्यंत येऊ द्या आणि पुन्हा चार श्वास घ्या. फरक लगेच जाणवेल. छातीवर कुणी हलकासा हात ठेवल्यासारखा श्वास थोडा जड होतो.

हा भास नाही. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन असतं, आणि त्याचा दाब छातीवर बाहेरून आणि पोटावरून येतो. पोट दाबलं गेलं की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, वर ढकललं जातं. शिवाय पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, अर्ध्या लिटरहून जास्त, आणि तेही फुप्फुसांच्या जागेत थोडी अडचण करतं. एका दमात जास्तीत जास्त जितकी हवा घेता-सोडता येते त्यातली पाच ते दहा टक्के अशी कमी होते. निरोगी माणसाला एवढ्याने काही बिघडत नाही. मात्र हे माहीत नसलेला माणूस त्या जडपणाला घाबरतो, घाबरला की उथळ आणि भरभर श्वास घेतो, आणि मग खरोखरच हवा पुरेनाशी होते.

तेव्हा गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहून श्वास सावकाश व्हायला लागेपर्यंत थांबा. दोन मिनिटं लागोत की पाच.

पायरी दुसरी: बुडबुडे

इथे घाई करू नका. या एका पायरीवर एखादा आठवडा गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

काठ धरा. तोंडाने श्वास घ्या, छातीभर नको, बोलताना घेतो तेवढाच. ओठ मिटा, चेहरा पाण्यात घाला आणि नाकातून 'हंऽऽऽ' असा हुंकार काढा. हुंकार चालू असेपर्यंत नाकातून हवा बाहेर येत राहते आणि हवा बाहेर येत असताना पाणी आत शिरत नाही. नाकात पाणी जाऊन कपाळापर्यंत झोंबण्याची ज्यांना धास्ती असते त्यांना ही युक्ती हमखास लागू पडते. आवाज स्वतःला ऐकू येतो, त्यामुळे आपण श्वास सोडतोय की रोखून धरलाय हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

मनात चार-पाच आकडे मोजेपर्यंत हुंकार चालू ठेवा. शेवटचा थोडा भाग तोंड पाण्याबाहेर येता येता जोराने फुंकून टाका, म्हणजे ओठांवरचं पाणीही उडून जातं. मग लगेच तोंड उघडून श्वास घ्या. छाती मोकळी झालेली असली की हवा जवळजवळ आपोआप आत येते, ओढावी लागत नाही. हे एकदा जाणवलं की अर्धं काम झालं.

काठावर बसून नवशिक्यांकडे पाच मिनिटं लक्ष देऊन बघा. कोण श्वास सोडतंय आणि कोण नाही हे पाण्यावरूनच ओळखू येतं. काहींचा चेहरा पाण्यात असतो तेव्हा पृष्ठभाग एकदम शांत, एक बुडबुडा नाही, आणि डोकं वर आलं की 'फुस्स'. पुढची हालचाल तर ठरलेली: काठ सोडून दोन्ही हात चेहऱ्यावर, डोळे पुसायचे, नाक पुसायचं, केस मागे सारायचे. या पुसापुशीत श्वासाची वेळ टळून जाते. चांगला गॉगल घ्या आणि चेहरा ओला राहू द्या. ओला चेहरा घेऊन श्वास घेता येतो याची सवय हाच या पायरीचा निम्मा अभ्यास आहे.

श्वास सोडायची आणखी एक अडचण क्वचितच कुणी बोलून दाखवतं. हवा सोडली की माणूस खाली जातो. भरलेली फुप्फुसं शरीराला तरंगतं ठेवतात, त्यामुळे श्वास धरून ठेवणं सुरक्षित आणि सोडणं धोक्याचं वाटतं. यावर उपाय म्हणजे मुद्दाम अनुभव घेणं, तेही छातीभर पाण्यात आणि शिकवणारा शेजारी असताना. छाती भरून गुडघे पोटाशी घ्या, पाठ पाण्यावर येते. मग सावकाश हवा सोडा, शरीर हळूहळू खाली जातं, पाय टेकतात, उभे राहा. संपलं. खाली जाण्याचा वेग किती मंद आहे हे कळलं की हवा सोडायची भीती कमी होते. शिवाय कितीही जोर लावून श्वास सोडला तरी लिटरभर हवा फुप्फुसांत उरतेच. पोहताना पूर्ण रिकामं व्हायचंही नसतं. सहज निघेल तेवढी हवा सोडायची.

पायरी तिसरी: सलग बुड्या

एक बुडबुडा सगळ्यांना जमतो. दहावा जमत नाही. म्हणून आता मध्ये न थांबता ओळीने बुड्या मारा: खाली हुंकार, वर श्वास, खाली हुंकार, वर श्वास. वर राहण्याचा वेळ एका श्वासापुरताच. सातव्या-आठव्या बुडीला तगमग वाढायला लागली तर कुठेतरी हवा साठतेय असं समजा आणि पुढच्या तीन-चार बुड्यांत उच्छ्वास लांबवा. वीस बुड्या मारून झाल्यावर शेजारच्याशी नेहमीसारखं बोलता आलं पाहिजे. ते जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी चौथी: पोहता पोहता श्वास

फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी मिळणारा वेळ अगदी थोडा असतो, जेमतेम अर्धा सेकंद. तो पुरतो, कारण उच्छ्वास पाण्यातच उरकलेला असतो. पण त्या अर्ध्या सेकंदात तोंड नेमकं कुठे असतं यावर बरंच अवलंबून आहे.

नवशिक्या डोकं पुढे उचलतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं, पाण्याचा अडथळा वाढतो, तो कापायला जोर वाढतो आणि जोर वाढला की हवेची गरजही वाढते. त्यामुळे पुढच्या वेळी डोकं आणखी उंच जातं. या चक्रात सापडलेला माणूस २५ मीटरमध्ये गळून जातो.

डोकं उचलू नका, वळवा. तेसुद्धा मानेतून नव्हे, खांद्यासकट सगळं अंग कुशीवर वळू द्या आणि डोकं त्याच्याबरोबर येऊ द्या. एक कान पाण्यात, गॉगलची एक काच पाण्यात. पुढे जाणाऱ्या डोक्यासमोर लहानशी लाट उठते आणि तिच्यामागे, गालाजवळ, पाण्याची पातळी थोडी खाली जाते. तोंड त्या खळग्यात असतं, म्हणून वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी वळलं तरी हवा मिळते. थोडं पाणी तोंडात येतंच. ते गिळू नका, पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर जाऊ द्या.

किती हातांनी श्वास घ्यायचा? दर तीन हातांनी घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंची सवय लागते, असा सल्ला सर्रास मिळतो. नवशिक्यासाठी तो सल्ला मला पटत नाही. आधीच हवा कमी पडतेय, त्यात श्वासांतलं अंतर कशाला वाढवायचं? दर दोन हातांनी, सोप्या वाटणाऱ्या बाजूला घ्या. दुसरी बाजू नंतर शिकता येते.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोकं दर फेरीला वर येतंच, त्यामुळे लय सोपी असते: हात पुढे ताणलेले असताना सोडा, हात मागे ओढताना घ्या.

मग उरतो वेग. निम्मी धाप नुसत्या घाईने लागते. त्यातही पाय. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे, ते भरपूर ऑक्सिजन खातात, आणि नवशिक्याच्या लाथांनी त्या मानाने पुढे जाणं फारच थोडं होतं. पाय पृष्ठभागाजवळ राहतील एवढेच हलवा. प्रत्येक फेरीनंतर काठाला सहा-आठ शांत श्वास होईपर्यंत थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

ठसका लागला तर? स्वरयंत्राला पाण्याचा थेंब लागला की ते स्वतःहून आवळतं, फुप्फुसांत पाणी जाऊ नये म्हणून. काही क्षण श्वास खरंच आत जात नाही, आणि ते फार भयंकर वाटतं. उभं राहता येत असेल तर उभे राहा, नाहीतर पाठीवर उलटून तरंगा किंवा काठ धरा. खोकून घ्या. मोठा घोट हवा ओढायचा प्रयत्न करू नका, त्याने आवळ सुटायला उलट वेळ लागतो. नाकाने लहान लहान श्वास घ्या. आवळ सुटते.

गार पाणी आणि तलावावरची हवा

वर सांगितलेलं सगळं जमत असतानाही दोन ठिकाणी श्वास बिघडू शकतो, आणि तिथे चूक पोहण्याची नसते.

गार पाण्यात एकदम उतरलं की त्वचेला बसलेल्या थंडीच्या धक्क्याने तोंडातून 'हाऽ' असा आचका निघतो आणि त्यानंतर श्वास आवरेनासा होतो. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हे फार जोरात होतं. तो पहिला आचका डोकं पाण्याखाली असताना आला तर पाणी थेट आत जातं, म्हणून अनोळखी गार पाण्यात सूर मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. धक्का पहिल्या मिनिटात सगळ्यांत जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून पायरीपायरीने उतरा, चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी घ्या, काठ धरून किंवा पाठीवर तरंगत थांबा आणि श्वास ताब्यात आल्यावरच पोहायला लागा. अपघाताने पडलात तरी हेच: पहिली दोन मिनिटं पोहायचा प्रयत्नच करू नका, तरंगा.

बंदिस्त तलावात खोकला येतो, छाती आवळते, डोळे चुरचुरतात. त्याचा दोष लोक क्लोरीनला देतात. खरं तर क्लोरीन घाम, लघवी आणि त्वचेवरचा मळ यांच्याशी मिसळून जे क्लोरामाइन वायू तयार होतात ते जास्त त्रास देतात. ते पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतात, म्हणजे पोहणाऱ्याच्या नाकाजवळच. उग्र 'तलावाचा वास' हा स्वच्छतेचा पुरावा नाही, उलट आहे. हवा खेळती असलेला किंवा उघडा तलाव निवडा आणि उतरण्याआधी साबणाने अंघोळ करा. सगळ्यांनी केली तर हा प्रश्न बराच हलका होईल, पण ते असो. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून इनहेलर काठावर ठेवा.

स्नॉर्केल: नळीतली शिळी हवा

स्नॉर्केल लावल्यावर डोकं वळवायची गरज नाही, तेव्हा श्वास सोपा व्हायला हवा. अनेकांचं उलटंच होतं. चेहरा पाण्यात, मास्कने नाक बंद, आणि मेंदू सांगत असतो की आता श्वास घेऊ नकोस. हा विरोध शमायला वेळ लागतो. उभं राहता येईल अशा पाण्यात चेहरा घालून, काही न करता, श्वास संथ होईपर्यंत थांबणं हाच उपाय.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. आपल्या घशात आणि श्वासनलिकांत सुमारे १५० मिलिलिटर हवा अशी असते जी फुप्फुसांच्या कामाच्या भागापर्यंत पोहोचतच नाही, नुसती आत-बाहेर करते. नळीमुळे त्यात जवळजवळ तेवढीच आणखी भर पडते. म्हणजे ५०० मिलिलिटरचा उथळ श्वास घेतला तर ताजी हवा उरते फक्त २०० मिलिलिटर. एक लिटरचा संथ, खोल श्वास घेतला तर ७००. श्वास दुप्पट केला की ताजी हवा साडेतीन पट. घाबरून भरभर श्वास घेणारा नळीतली शिळी हवाच पुन्हा पुन्हा खेळवत बसतो आणि धाप आणखी वाढवतो. लांब सोडा, सावकाश घ्या.

नळी लांब करून आणखी खोल जाता येईल का, हा प्रश्न प्रत्येकाला एकदा पडतो. नाही. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला एक टनाइतका वाढलेला असतो आणि नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागाच्याच दाबाची असते. छातीचे स्नायू तो फरक पेलून श्वास घेऊ शकत नाहीत. नळ्या ३५-४० सेंटिमीटरच्या आसपास असतात त्या उगाच नव्हेत.

संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोयीचे, पण नवशिक्याने साधा मास्क आणि तोंडात धरायची नळी वापरावी असं माझं मत आहे. नळी नकोशी झाली तर थुंकून टाकता येते. चेहराभर मास्क घाईत काढणं तितकं सोपं नाही, आणि त्यातल्या झडपा नीट चालत नसतील तर सोडलेली हवाच परत आत येते.

स्कूबा: दाबाखालचा श्वास

नळीने जे जमत नाही ते रेग्युलेटर करतो, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारं, तोंडात धरायचं उपकरण. आसपासच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा, आणि तीही आपण ओढली तरच. १९४३ साली जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर विकसित केला आणि तेव्हापासून सामान्य माणसाला पाण्याखाली मोकळेपणाने श्वास घेता येऊ लागला.

तरी पहिल्या श्वासांना हवा कमी येतेय असं वाटतं. हवा ओढल्याशिवाय झडप उघडत नाही, त्यामुळे थोडासा विरोध असतोच. तोंड कोरडं पडतं आणि स्वतःच्या श्वासाचा खरखराट कानात भरतो. पहिल्यांदा उथळ तलावात गुडघ्यांवर बसलेल्या माणसाचे बुडबुडे पाहिले तर ते तुटक तुटक, बारीक झुपक्यांनी वर येताना दिसतात. पाचेक मिनिटांनी झुपके मोठे होतात, मधली अंतरं वाढतात. प्रशिक्षक बहुतेक वेळा चेहऱ्याआधी या बुडबुड्यांकडेच बघत असतो.

खोलीबरोबर हवाही दाट होते. समुद्रात दर १० मीटरला दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणून १० मीटरवर आपण श्वासात घेतो ती हवा पृष्ठभागापेक्षा दुप्पट दाट आणि ३० मीटरवर चौपट. दाट हवा आत-बाहेर करायला जास्त कष्ट पडतात, आणि भरभर श्वास घेतला तर ते फारच वाढतात. वर जितकी धावपळ खपून जाते तितकी खाली खपत नाही.

उतरण्याआधी काही गोष्टी तपासा. रेग्युलेटरमधून चार-पाच मोठे श्वास घ्या आणि त्या वेळी दाबमापकाच्या काट्याकडे बघा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर बहुधा सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही. वरती हवा बरी येते आणि खाली गेल्यावर कमी पडते, ती बरेचदा याचमुळे. वेटसूट (पाण्यात ऊब देणारा घट्ट पोशाख) घालून उकिडवे बसा आणि खोल श्वास घेऊन बघा. छाती आवळत असेल तर मोठा माप मागा, भिडेखातर गप्प बसू नका. तरंगण्यासाठी घालतात ते हवेचं जॅकेट पृष्ठभागावर पूर्ण फुगवलं की छाती दाबतं. तेव्हा थोडी हवा सोडा, छातीचा पट्टा सैल करा.

खाली असताना धाप लागली, रेग्युलेटर हवाच देत नाहीये असं वाटलं, तर बहुतेकदा प्रवाहाविरुद्ध पाय मारल्याने किंवा घाबरल्याने कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. हालचाल थांबवा. धरायला दगड किंवा दोर असेल तर धरा. जोडीदाराला पंजा आडवा डोलवून 'काहीतरी बिघडलंय' ही खूण करा आणि छातीकडे बोट दाखवा. मग एक लांब उच्छ्वास, तो पूर्ण होईपर्यंत पुढचा श्वास घेण्याची घाई नको. असे चार-पाच उच्छ्वास झाले की बहुधा छाती सुटते. हवा वाचवण्यासाठी प्रत्येक श्वासानंतर थोडं थांबायची क्लृप्ती काही जण सांगतात. तिच्या नादी लागू नका, तिने कार्बन डायऑक्साइडच साठतो आणि वर आल्यावर डोकं ठणकतं ते वेगळंच.

आणि स्कूबातला पहिला नियम: श्वास कधीही रोखू नका, वर येताना तर नाहीच. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. ती बाहेर पडली नाही तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्यासाठी फार खोलीही लागत नाही, मीटर-सव्वा मीटर पुरते. म्हणून कितीही भीती वाटली तरी वर झेप घ्यायची नाही. मिनिटाला ९ मीटर किंवा त्याहून सावकाश, श्वास चालू ठेवून वर यायचं.

तगमग होत नाही तेव्हाचा धोका

पाण्याखाली किती वेळ राहता येतं याची पैज लावणारे उडी मारण्याआधी भराभर दहा-पंधरा मोठे श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप खाली जातो. घंटा उशिरा वाजते, किंवा वाजतच नाही. ऑक्सिजन संपतो आणि माणूस काहीही न जाणवता बेशुद्ध होतो, शांतपणे, काठावरच्यांच्या नजरेसमोर. उत्तम पोहणारेही असे गेले आहेत. भराभर श्वास घेऊन बुडी मारू नका, श्वास रोखण्याचा सराव एकट्याने करू नका, आणि मुलं अशी पैज लावताना दिसली तर तिथल्या तिथे थांबवा.

पाण्याबाहेर कधी यायचं

काठ धरून दोन-तीन मिनिटं थांबल्यावर धाप ओसरत असेल तर ती सरावाने सुटणारी धाप आहे. ओसरत नसेल तर ती वेगळी. छातीत दुखणं, छाती घरघरणं, चक्कर, किंवा खोकल्यातून फेसाळ, गुलाबीसर कफ येणं ही ताबडतोब बाहेर येण्याची लक्षणं आहेत. पोहताना, विशेषतः गार पाण्यात आणि घट्ट वेटसूटमध्ये, काही जणांच्या फुप्फुसांत पाणी उतरतं. हे तलावातलं पाणी नसतं, शरीरातलंच असतं, आणि धडधाकट पोहणाऱ्यांनाही होतं. अशा माणसाला आडवं करू नका, बसतं ठेवा, घट्ट कपडे सैल करा आणि वैद्यकीय मदत बोलवा. नाकातोंडात बरंच पाणी गेल्यानंतर काही तासांनीही खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल किंवा माणूस सुस्त वाटत असेल तर रुग्णालयात न्या, सकाळपर्यंत वाट बघू नका.

स्कूबाच्या वर्गात नाव घालताना प्रकृतीची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फुप्फुसाची जुनी शस्त्रक्रिया, पूर्वी कधी छातीत हवा साठून फुप्फुस मिटलं असेल तर ते, सगळं खरं लिहा. एखाद्या उत्तरामुळे डॉक्टरांचं पत्र आणायला सांगतील आणि आठवडाभर उशीर होईल, तेवढा होऊ द्या.